औषध कोणाचे? पेटंटचा कायदा आणि रोगी

मुळशी तालुक्याच्या मोसे खोऱ्यात, आज जेथे लवासा नगर उभे आहे त्या दासवे परिसरात, विळा लागून कोणाचे बोट कापले तर घरातली वडीलधारी बाई आधी काय करील? डबा उघडून चिमूटभर हळद जखमेवर दाबील. ही विद्या आपल्याला कोणी शिकवली हे तिला सांगता येणार नाही. परंतु १९९५ साली अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिले!

त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर हे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. त्यापूर्वी ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. परिषदेने १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिले. जुने ग्रंथ आणि १९५३ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेख पुराव्यादाखल सादर केला, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द ठरले. हे पेटंट अमेरिकेपुरतेच होते, त्यामुळे आपल्या आजीच्या डब्याला त्यापासून धोका नव्हता, हे खरे. पण जे ज्ञान सर्वांचे होते त्यावर एकाने मालकी सांगितली, हा तत्त्वाचा प्रश्न होता. आमच्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनीही या प्रश्नाचा विचार करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

पेटंट किंवा एकस्व म्हणजे काय? तो समाज आणि संशोधक यांच्यातील एक करार होय. संशोधकाने आपला शोध सर्वांपुढे उघड करावा. त्याच्या बदल्यात काही वर्षे त्या शोधाचा व्यापारी लाभ त्याने एकट्याने घ्यावा. मुदत संपली की शोध सर्वांचा. नवे औषध शोधण्यास पुष्कळ वर्षे लागतात, अनेक प्रयत्न वाया जातात आणि तयार झालेल्या गोळीची नक्कल मात्र सोपी असते. हे संरक्षण नसेल तर भांडवल कोण गुंतवील, असा कंपन्यांचा युक्तिवाद असतो. तो पोकळ नाही. परंतु कराराला दोन बाजू असतात, आणि दुसऱ्या बाजूला रोगी उभा असतो.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे १९११ चाच कायदा चालू होता. औषधांची बहुतेक पेटंटे परकीयांच्या हाती होती. १९५४ साली पिंपरीला सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना काढला तो पेनिसिलिन देशातच व्हावे म्हणून. कायदा कसा असावा याचा अभ्यास न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी केला व १९५९ मध्ये अहवाल दिला. त्यातून १९७० चा पेटंट कायदा आला आणि तो १९७२ पासून अमलात आला. त्याचे मर्म असे की, औषधाच्या बाबतीत पेटंट पदार्थाला मिळणार नाही, तो तयार करण्याच्या कृतीला मिळेल.

हा भेद दृष्टांताने स्पष्ट होईल. कोकणात उतरायचे तर ताम्हिणीने उतरता येते, तसेच वरंध्यानेही. कृतीचे पेटंट म्हणजे एका घाटावरचा नाका. पदार्थाचे पेटंट म्हणजे साऱ्या कोकणावरचा ताबा. १९७० नंतर आपल्या रसायनशास्त्रज्ञांनी नवनवे घाट शोधले. परकीय औषधे निराळ्या कृतीने, कमी खर्चात बनवण्याचे कसब देशात वाढले. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा सेवाभावी संस्थेला सुमारे ३५० डॉलरना देऊ केला. पाश्चात्त्य देशांत त्याची किंमत दहा हजार डॉलरच्या वर होती. मात्र या काळात आपली बुद्धी मुख्यतः दुसऱ्याचे औषध स्वस्त करण्यात रमली, संपूर्ण नवे औषध शोधण्यात फारशी नाही, हेही कबूल केले पाहिजे. कायदा जशी वाट मोकळी करतो तशी संशोधनाची पावले पडतात.

पुढे जागतिक व्यापार करारामुळे २००५ पासून औषधाच्या पदार्थालाही वीस वर्षांचे पेटंट देणे आपल्याला भाग पडले. परंतु संसदेने त्यात काही कुंपणे ठेवली. कलम ३(ड) सांगते की, ज्ञात पदार्थाचे केवळ रूप बदलून गुणकारितेत भर पडत नसेल तर तो नवा शोध नव्हे. याच कलमावर सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक औषधाचे पेटंट नाकारले. दुसरे कुंपण सक्तीच्या परवान्याचे. यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील नेक्साव्हर या औषधाचा महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपये होता. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने नॅटको कंपनीला ते बनवण्याची परवानगी दिली, तीही ८,८८० रुपयांत विकण्याच्या आणि मूळ कंपनीला स्वामित्वधन देण्याच्या अटीवर. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय उचलून धरला.

याहून खोल प्रश्न पुढे आहे. पेटंट बक्षीस देते ते विक्रीतून. म्हणून ज्या रोगाचे रोगी गरीब, त्या रोगाकडे संशोधन वळत नाही. क्षयरोग हे याचे ठळक उदाहरण. बेडाक्विलिन हे नव्या प्रकारचे औषध २०१२ मध्ये मान्य झाले, ते सुमारे चाळीस वर्षांच्या खंडानंतर. आणि आल्यावरही, मूळ पेटंट २०२३ मध्ये संपत असताना, कंपनीने त्याच औषधाच्या क्षाररूपासाठी आणखी पेटंट मागितले. ते मिळते तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती.

या अर्जाला २०१९ मध्ये हरकत घेतली ती मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोन तरुणींनी. क्षयावरील जुन्या औषधांच्या दुष्परिणामाने दोघींचीही श्रवणशक्ती गेलेली. अधिक निर्धोक औषध इतरांना परवडावे एवढीच त्यांची मागणी. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला, आणि जुलैमध्ये मूळ पेटंटही संपले.

या घटनेतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणाही व्यक्तीला हरकत घेता येते, असे आपल्या कायद्यात लिहिले आहे. तेथे वकील किंवा शास्त्रज्ञच असले पाहिजे अशी अट नाही. २०२४ च्या नियमांनी या हरकतीला शुल्क लावले आहे, तरी दार बंद झालेले नाही.

तात्पर्य, पेटंट मुळातच वाईट असे म्हणणे जितके उथळ, तितकेच ते पवित्र मानणेही उथळ. संशोधकाला मोबदला मिळावा. पण ज्या रोगांना बाजार नाही त्यांवरील संशोधनाचा भार सरकारने, म्हणजे आपण सर्वांनी, उचलला पाहिजे. आणि करार पाळला जातो की नाही यावर लक्ष ठेवले पाहिजे. हळदीचे पेटंट रद्द झाले ते कोणीतरी जुनी कागदपत्रे शोधून वाचली म्हणून. जुने ग्रंथ धुंडाळणे, भाषा जाणणे, कायद्याच्या शब्दांचा अर्थ लावणे ही कामे तर आपल्या कलाशाखेचीच आहेत.