चार ओळींचा अभिप्राय

वैशाख मास लागला, की नवी मुंबईतील तुर्भ्याच्या फळबाजारात रात्र आणि दिवस ह्यांतील भेद उरत नाही. देवगड, रत्नागिरी, रायगड येथून आलेल्या आंब्याच्या पेट्या पहाटेपूर्वीच उतरू लागतात. येथे गिऱ्हाईक माल पारखते ते हाताने आणि नाकाने. पेटी उघडावी, पेंढा बाजूस सारावा, देठापाशी नाक नेऊन वास घ्यावा, अंगठ्याने फळ हलकेच दाबून पाहावे आणि मगच भाव विचारावा, ही बाजाराची जुनी रीत होय. घाऊक व्यापारात तर कित्येक वर्षे भावही रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून मुक्यानेच ठरत असे.

परंतु आज बेलापूरच्या किंवा खारघरच्या घरात बसून मोबाइलवरून आंबे मागविणाऱ्या मनुष्याने काय करावे? मोबाइलच्या काचेतून वास येत नाही आणि चित्रातील आंबा दाबून पाहता येत नाही. त्याला आधार एकच. त्याच्यापूर्वी ज्यांनी तोच माल घेतला, त्यांनी लिहून ठेवलेले चार शब्द तो वाचतो आणि त्यांवर विसंबून पैसे मोजतो. म्हणजे कोणा अपरिचिताचे लिहिणे हेच त्याचे नाक आणि तोच त्याचा हात! अशा लेखनास ‘अभिप्राय’ म्हणतात. तो लिहिणे वाटते तितके सोपे नाही.

नेरूळच्या एका घरात घडलेला प्रसंग पाहा. घरातील नात सातवीत शिकणारी. आजोबा मूळचे सातारा जिल्ह्यातील. उभे आयुष्य त्यांनी माथाडी कामगार म्हणून काढले. मुंबईचे घाऊक बाजार १९८० नंतरच्या काळात टप्प्याटप्प्याने नव्या मुंबईत आले, तेव्हा त्यांच्यामागोमाग तेही आले. आंब्याच्या किती पेट्या त्यांनी डोक्यावरून वाहिल्या असतील, ह्याची गणती नाही. त्या घरी दोन डझन हापूसचे खोके मागविले होते. पहिले आंबे चिरले, ते अत्यंत गोड निघाले. नातीने आईचा मोबाइल घेतला आणि लिहिले, “अप्रतिम! अवर्णनीय! असे आंबे जगात कोठेही मिळणार नाहीत. सर्वांनी डोळे झाकून घ्यावेत.”

तिने ते मोठ्या कौतुकाने आजोबांना वाचून दाखविले. आजोबा म्हणाले, “पोरी, डोळे झाकूनच घ्यायचे, तर लोकांनी तुझे लिहिणे तरी कशाला वाचावे?”

नात गोरीमोरी झाली. आजोबा पुढे विचारू लागले, “खोक्यात आंबे किती निघाले? आले तेव्हा हिरवे होते, की पिकलेले? कितव्या दिवशी खाण्याजोगे झाले? बाठ मोठी होती, की लहान?”

ह्यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर तिच्या लेखनात नव्हते. ‘अप्रतिम’ हा शब्द आंब्यास लावता येतो, छत्रीस लावता येतो आणि पायताणासही लावता येतो. त्यामुळे त्यावरून आंब्याविषयी काहीच कळत नाही. नातीने मग आंबे मोजले आणि भिंतीवरील दिनदर्शिका पाहिली. आंबे चोवीस होते. आले तेव्हा ते हिरवे होते आणि पेंढ्यात ठेवल्यावर पाचव्या दिवशी पिवळे झाले होते. एवढे कळले, तरी वाचणाऱ्यास आपल्या घरचा पाहुणचार कोणत्या दिवशी ठरवावा, ह्याचा अंदाज येतो.

अभिप्राय अद्याप पाठविला नव्हता. एवढ्यात दुसऱ्या दिवशी पनवेलची आत्या जेवावयास आली आणि नेमके त्याच वेळी दोन आंबे खराब निघाले. वरून सोन्यासारखे, पण चिरताच आत फिकट, भुसभुशीत आणि आंबट गर! पाहुण्यांदेखत मान खाली घालावी लागली. नातीने संतापाने पहिला मजकूर पुसला आणि नवा लिहिला, “शुद्ध फसवणूक! हे कोकणातील आंबेच नव्हेत. विकणारा लबाड आहे.”

“हे कोकणातील नव्हेत, असे तुला कोणी सांगितले?” आजोबांनी विचारले.

नातीचा संशय अगदीच निराधार होता, असे नाही. कोकणाबाहेरचे आंबे कोकणचे हापूस म्हणून विकले जातात, ही तक्रार जुनी आहे. म्हणूनच २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर ह्या पाच जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु आतून खराब निघालेले ते दोन आंबे ह्या संशयाचा पुरावा ठरत नव्हते. ह्या दोषास ‘साका’ म्हणतात आणि तो तर हापूसचाच जुना रोग आहे. अस्सल बागेतील उत्तम फळातही साका निघतो. फळ चिरल्यावाचून तो दिसत नाही; बागाईतदारास दिसत नाही आणि अडत्यासही दिसत नाही. खोक्यात चोवीसांच्या जागी बावीस आंबे भरले, तर तो विकणाऱ्याचा अपराध. वाटेत आपटून फळे डागाळली, तर दोष वाहतुकीचा. आणि साका निघाला, तर ते निसर्गाचे देणे. दोष सांगावा, परंतु तो ज्याचा त्याच्या पदरी घालावा. एका लबाड शब्दाने एखाद्या बागाईतदाराचा हंगाम बुडू शकतो.

मराठीत वस्तूंचे नसले, तरी ग्रंथांचे परीक्षण करण्याची प्रथा जुनी आहे. १८६७ साली सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात नव्या पुस्तकांची परीक्षणे येत. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. त्यांची भाषा तेजस्वी होती. परंतु जोतीराव फुल्यांच्या लेखनावर त्यांनी जे कोरडे ओढले, ते आज वाचताना त्यांत न्यायापेक्षा उपहासच अधिक दिसतो. थोर लेखकाच्या हातूनही असे होते, मग सातवीतील मुलीचे काय? असो.

आईने विकणाऱ्यास साक्याची हकिगत कळविली. त्याने खराब निघालेल्या दोन आंब्यांच्या बदली दोन आंबे देण्याचे कबूल केले. वर असेही कळविले, की पाचपैकी पाच तारे देऊन चांगला अभिप्राय लिहिल्यास आणखी अर्धा डझन आंबे पाठवू.

अर्धा डझन हापूस! नातीच्या डोळ्यांपुढे आमरसाची वाटी उभी राहिली. तिने आजोबांकडे पाहिले. आजोबा एवढेच म्हणाले, “दोन आंबे हक्काचे. हे सहा कशाचे?”

ह्या प्रश्नाचा विचार शासनानेही केला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी एक मानक प्रसिद्ध केले. त्याचा क्रमांक आयएस १९००० असा आहे. विकत घेतलेले अथवा विक्रेत्याने माणसे नेमून लिहवून घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, असे त्यात सांगितले आहे. त्याच वर्षी जून महिन्यात निघालेल्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, वस्तूची शिफारस करणाऱ्याचा विक्रेत्याशी लाभाचा संबंध असल्यास तो उघड करावा लागतो. अर्थात आजोबांना ह्यांतील काहीच ठाऊक नव्हते. तोलताना पारड्यास बोट लागलेले त्यांनी जन्मभर पाहिले होते, तेवढे त्यांना पुरेसे होते.

आईने सहा आंबे नको म्हणून कळविले. नातीने तिसऱ्यांदा लिहावयास घेतले. ह्या वेळी ती मधूनमधून उठून खोके पाहून येत होती. शेवटी तिने तीन तारे दिले, मग थांबून ते चार केले आणि खाली पुढील मजकूर लिहिला:

“दोन डझनांचे खोके घेतले. आंबे पूर्ण चोवीस होते. आले तेव्हा हिरवे होते. पेंढ्यात ठेवल्यावर पाचव्या दिवशी पिकले. साल पातळ, बाठ लहान, गोडी उत्तम. आतापर्यंत पंधरा चिरले. त्यांपैकी दोनांत साका निघाला. विक्रेत्याने त्यांच्या बदली दोन आंबे देण्याचे कबूल केले आहे. ते अद्याप आलेले नाहीत. नऊ आंबे चिरावयाचे राहिले आहेत.”