गाठ साधी, निर्णय अवघड

हॉलिवूडचा अभिनेता मार्क रफालो याच्या डाव्या कानाच्या आत, मेंदूलगत गाठ असल्याचे २००१ मध्ये निघाले. ती कर्करोगाची नव्हती. तरीही शस्त्रक्रियेनंतर चेहऱ्याची डावी बाजू कित्येक महिने लुळी राहिली आणि एम. नाइट श्यामलन यांच्या चित्रपटातली भूमिका हातची गेली. चेहरा पुढे सावरला. डावा कान मात्र कायमचा गेला.

या गाठीला अकूस्टिक न्यूरोमा म्हणतात. श्रवण आणि तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूवर, बहुधा तोलाच्या शाखेच्या आवरणातून ती उगवते आणि वर्षाला सरासरी एक-दोन मिलिमीटर वाढते. एका कानाला फोन लावला की शब्द कळत नाहीत, त्याच कानात शिट्टी वाजत राहते, अंधारात झोक जातो. प्रस्तुत लेखकाला मळ, सर्दी, वय अशी सगळी कारणे ऐकवून झाली. अखेर ऑडिओग्राममध्ये दोन कानांतला फरक दिसला आणि एमआरआयमध्ये गाठ.

खरी मेख चेहऱ्याच्या मज्जातंतूत आहे. तो याच गाठीला खेटून जातो आणि मोठ्या गाठीवर ताणून कागदासारखा पातळ होतो. मेंदूचे सर्जन हार्वे कुशिंग यांनी १९१७ मध्ये या गाठींवर ग्रंथ लिहिला. ते रुग्णाचा जीव वाचावा म्हणून गाठ आतून पोखरत आणि कवच तसेच ठेवत. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसचे कानाचे सर्जन विल्यम हाउस यांनी सूक्ष्मदर्शकाखाली, कानाच्या हाडातून वाट काढली. आज मज्जातंतूला चिकटलेला तुकडा काही सर्जन मुद्दाम मागे ठेवतात, तो चेहऱ्यासाठी. ‘संपूर्ण गाठ काढली’ एवढ्यावरच यश मोजू नये, हे लेखकाचे ठाम मत आहे.

गाठ लहान असेल तर ठरावीक काळाने एमआरआय करत थांबता येते. मध्यम गाठीला गॅमा नाइफ, म्हणजे नेमक्या जागी दिलेले किरणोपचार, हाही पर्याय असतो. मेंदूच्या देठावर दाब येत असेल तर मात्र दिरंगाई नको. शस्त्रक्रिया ठरली, तर हाडातून जाणाऱ्या मार्गात त्या कानाचे ऐकणे उरत नाही. कानामागून किंवा वरून गेल्यास ते वाचण्याची शक्यता असते, हमी नसते. सर्जनला थेट विचारा: अशा किती शस्त्रक्रिया केल्या? चेहऱ्याच्या मज्जातंतूचे मॉनिटरिंग होईल का?

शस्त्रक्रियेनंतर चेहरा लुळा पडला, तर पापणी मिटत नाही आणि डोळा कोरडा पडून बुबुळाला इजा होते. लेखकाचा डोळा दिवसा थेंबांनी, रात्री मलम आणि पट्टीने राखला गेला. शस्त्रक्रियेनंतर नाकातून पाणी गळू लागले तर ते सर्दीचे समजू नये, मेंदूभोवतीचा द्रवही असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आणि एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, तर एमआरआयची गरज आहे का, हे आजच डॉक्टरांना विचारा.