डोंगरावर हेलिकॉप्टर उतरते तेव्हा



केदारनाथच्या हेलिकॉप्टरमध्ये बसण्याआधी प्रत्येक यात्रेकरूला वजनकाट्यावर उभे करतात, त्याची पिशवीही तोलतात. चार-पाच किलोंनी असा काय फरक पडणार, असे आपल्याला वाटते. पण तो पडतो. कसा, ते समजून घेऊ.

हेलिकॉप्टरची पाती हवेला खाली ढकलतात, म्हणून ते वर उचलले जाते. हवा जितकी दाट, तितके हे काम सोपे. केदारनाथ सुमारे ३५८० मीटर उंचीवर आहे. तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीवरच्या हवेच्या साधारण ७० टक्केच असते, आणि ऊन तापले की ती आणखी कमी होते. इंजिनालाही हीच विरळ हवा मिळते. म्हणजे पात्यांना मेहनत जास्त आणि इंजिनात दम कमी!

त्यातही उतरणे सर्वांत कठीण. वेगाने पुढे जाताना पात्यांना सतत नवी, न ढवळलेली हवा मिळत असते. उतरण्यासाठी वेग कमी केला, जागेवर तरंगत राहिले, की जास्त शक्ती लागते. मैदानावर अशा वेळी जमीन मदत करते. खाली ढकललेली हवा जमिनीवर अडते आणि थोड्या कमी शक्तीत तरंगता येते. पात्यांच्या घेराच्या व्यासाएवढ्या उंचीपर्यंत हा आधार जाणवतो. अरुंद कड्यावर किंवा उतारावर मात्र ती हवा बाजूने निसटून जाते. वजनाचा हिशेब अगदी काठावरचा असेल, तर शेवटच्या काही फुटांवर शक्ती अपुरी पडते आणि हेलिकॉप्टर आदळते.

आणखी एक सापळा आहे. हेलिकॉप्टर फार सावकाश पुढे सरकत सरळ खाली येऊ लागले, तर ते आपणच खाली ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडते. घाबरून शक्ती वाढवली की भोवरा अधिकच जोर धरतो. सुटायचे तर पुढे किंवा बाजूला सरकून स्वच्छ हवेत जावे लागते. आणि दरीत तेवढी जागा असेलच असे नाही. शिवाय डोंगराच्या आडोशाच्या बाजूला वारा खाली कोसळत असतो. बर्फावर उतरताना भुसभुशीत बर्फ उडून समोरचे काही दिसत नाही, ते वेगळेच.

केदारनाथलाच पाहा. ३ एप्रिल २०१८ रोजी वायुसेनेचे एमआय-१७ उतरताना लोखंडी गर्डरला धडकले. आतले सगळे वाचले. १७ मे २०२५ रोजी ऋषिकेशहून रुग्णाला न्यायला आलेल्या हेलिकॉप्टरची शेपटी उतरताना तुटली. तिथेही जीवितहानी झाली नाही. १८ ऑक्टोबर २०२२ आणि १५ जून २०२५ च्या अपघातांत मात्र प्रत्येकी सात जण गेले. ही दोन्ही हेलिकॉप्टरे परतीच्या वाटेवर होती आणि दरीत ढग उतरले होते. अरुंद दरीत ढगात शिरल्यावर वळायला जागा राहत नाही, आणि समोरचा डोंगर दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

मग एव्हरेस्टवर हेलिकॉप्टर उतरलेच कसे, असे तुम्ही विचाराल. १४ मे २००५ रोजी फ्रान्सचे दिदिए देल्साल यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर हेलिकॉप्टर टेकवले आणि ३ मिनिटे ५० सेकंद तिथे ठेवले. ते एकटेच होते, यंत्र होईल तेवढे हलके केले होते आणि हवामानाची वाट पाहिली होती.

मला त्याहून मोठी वाटते ती १९९६ सालची गोष्ट. १३ मे रोजी नेपाळी सेनेचे लेफ्टनंट कर्नल मदन खत्री छेत्री एव्हरेस्टच्या वाटेवर खुंबू हिमप्रपाताच्या वर, सुमारे ६००० मीटरवर उतरले. हिमदंशाने घायाळ झालेले दोन गिर्यारोहक वाट पाहत होते, तैवानचे मकालू गाऊ आणि अमेरिकेचे बेक वेदर्स. एवढ्या विरळ हवेत दोघांना एकदम उचलणे शक्य नव्हते. त्यांनी आधी गाऊंना खाली नेले, आणि मग त्याच धोक्याच्या जागी पुन्हा जाऊन वेदर्सना आणले.