बेलोरा ते मुंबई : आकाशमार्गाचे अंतर आणि वेळ

(वरच्या वर्गांतील भूगोल व गणित ह्यांच्या जोडपाठासाठी)

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळील बेलोरा विमानतळावरून मुंबईची नियमित प्रवासी विमानसेवा सुरू झाली. वेगाची उदाहरणे शिकविताना आपण बहुधा पुस्तकातील आगगाडीच घेतो. ती गाडी कोठे थांबत नाही, चढ चढत नाही, आणि म्हणून मुलांना ती खरीही वाटत नाही. बेलोऱ्याचे विमान ह्या कामी अधिक उपयोगी पडेल.

प्रथम अंतर काढावे. महाराष्ट्राचा जो नकाशा १ सें. मी. ला २० कि. मी. ह्या प्रमाणाचा असेल, त्यावर बेलोरा व मुंबई ह्यांमध्ये ताणलेला दोरा सुमारे २७ सें. मी. भरतो, म्हणजे अंतर सुमारे ५४० कि. मी. झाले. नंतर तोच दोरा लोहमार्गाच्या रेषेवरून बडनेरा, अकोला, भुसावळ, मनमाड, नाशिक व थळ घाट असा वळवीत न्यावा. दोरा पुरत नाही, हे मुलांना स्वतःच पाहू द्यावे. बडनेरा ते मुंबई हा लोहमार्ग सुमारे ६६० कि. मी. आहे.

आता वेळ. आरंभीच्या वेळापत्रकात ह्या उड्डाणास पावणेदोन तास दिलेले होते. भागाकार केल्यास ताशी सुमारे ३०९ कि. मी. येतात. परंतु ह्या मार्गावरील ए.टी.आर. ७२ जातीचे पंख्याचे विमान वर गेल्यावर ताशी सुमारे ५०० कि. मी. वेगाने चालते. मग उरलेला वेग गेला कोठे? खरा पाठ येथे आहे. त्यास घाईने हात घालू नये. विमान जागेवरून हलते तेव्हापासून वेळ मोजला जातो. धावपट्टीपर्यंत सावकाश जाणे, उंची गाठणे, मुंबईच्या गर्दीत उतरण्याची पाळी येईपर्यंत घिरट्या घालणे, हे सर्व त्यात आले. भागाकाराने मिळतो तो सरासरी वेग होय.

चलाख विद्यार्थ्यांस पुढील उदाहरण द्यावे : अकोल्याचा शिवणी विमानतळ बेलोऱ्यापासून सरळ रेषेत सुमारे ७० कि. मी. आहे, वरील सरासरीने किती वेळ लागेल? उत्तर १४ मिनिटे येते. गणित बरोबर आहे, पण उत्तर खरे नव्हे; कारण इतक्या थोड्या अंतरात विमान पुरते वर जाते न जाते तोच त्यास उतरावे लागेल.

शेवटी घरापासूनचा हिशेब करवून घ्यावा. धारणीच्या मुलास सेमाडोहचा घाट उतरून बेलोऱ्यास पोहोचण्यातच उड्डाणापेक्षा अधिक वेळ जातो. अकोल्याच्या माणसाने मुंबईस जाण्यासाठी आधी उलट पूर्वेस जावे, की रात्रीची गाडी धरावी? प्रत्येकाने आपल्या गावापासून दोन्ही बेरजा मांडाव्यात. उत्तरे गावागणिक निराळी येतील. ती तशीच फळ्यावर राहू द्यावीत.