टी-शर्टवर पांढरी वारली चित्रे का उमटत नाहीत?

प्रश्न : बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवासाठी गेरूच्या रंगाच्या सुती टी-शर्टवर सब्लिमेशनने पांढरी वारली चित्रे छापायची आहेत. पांढरे काहीच उमटत नाही आणि इतर रंग धुतल्यावर फिके पडतात. काय करावे?
– एक वाचक, मोखाडा

उत्तर : अडचणी दोन आहेत. पहिली कापडाची. सब्लिमेशनची शाई साधारण 200 अंश सेल्सिअसला वायुरूप होऊन पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. सुताशी तिचे जमत नाही, म्हणून ती धुऊन जाते. दुसरी रंगाची. या शाईत पांढरा रंग नसतोच आणि गडद कापडावर ती नीट दिसत नाही.

उपाय उलटा आहे. पांढरा पॉलिस्टर टी-शर्ट घ्या. संगणकावर गेरूची पार्श्वभूमी रंगवा आणि आकृत्या कोऱ्या सोडा. कापडाचा पांढरा रंगच चित्र होईल. छपाई आरशातल्यासारखी उलटी काढा. हीटप्रेस साधारण 200 अंशांवर 45 ते 60 सेकंद ठेवा. शाई व कागदाच्या पाकिटावरील सूचना पाहून थोडा फरक करा.

जव्हार-मोखाड्याच्या पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि चित्र पसरते. कागद हवाबंद पिशवीत ठेवा. टी-शर्ट आधी पाच-दहा सेकंद हीटप्रेसमध्ये नुसताच दाबून ओल घालवा.

सुतीच हवे असेल तर स्क्रीन प्रिंटिंग किंवा डीटीएफ (फिल्मवर छापून कापडावर उतरवणे) निवडा. दोन्हींत पांढरा रंग मिळतो. कबड्डी संघांच्या पॉलिस्टर जर्सींना मात्र सब्लिमेशनच उत्तम.

शेवटचे, वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. इंटरनेटवरून आकृत्या उचलू नका. गावातल्या चित्रकाराकडून काढून घ्या आणि त्याचे मानधन किमतीत धरा.