शब्द तुमचे, विचार कोणाचा?

प्रश्न : मी मराठीत पीएच.डी. करते आहे. दुसऱ्यांचे मुद्दे स्वतःच्या शब्दांत मांडले, तरी संदर्भ द्यावा लागतो का? चुकीची धास्ती वाटते. कोणाला विचारू?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : हो, द्यावा लागतो. शब्द बदलले तरी विचार त्या लेखकाचाच राहतो. पण धास्ती सोडा. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार रीतसर संदर्भ दिलेली अवतरणं वाङ्मयचौर्य तपासताना होणाऱ्या साम्याच्या मोजणीतून वगळली जातात. विद्यापीठाला संदर्भ देण्याची एमएलए पद्धत हवी की एपीए, हे मार्गदर्शकांना विचारा. मग सरळ ग्रंथपालांना गाठा. विद्यार्थी त्यांच्याकडे जातच नाहीत, याची मला खंत वाटते. संदर्भ नोंदवण्याचं ‘झोटेरो’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे, मात्र त्यातल्या मराठी नोंदी स्वतः तपासा. एआयने सुचवलेला संदर्भ मूळ पुस्तक पाहिल्याशिवाय घेऊ नका. नसलेली पुस्तकंही ते खुशाल सांगतं. आणि पृष्ठक्रमांक वाचतानाच टिपा.