रूळ कुठे खचतोय? ओळखणाऱ्यांचं करिअर

वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचा वर्धा–कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. इथल्या काळ्या मातीचा स्वभाव कास्तकाराला सांगावा लागत नाही: पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिकडे वणीकडे माजरी–आदिलाबाद मार्गाच्या परिसरात कोळसा खाणी. भूमिगत खाणीचं छत बसलं की वरची जमीनही बसते.

ही हालचाल उपग्रहावरच्या रडारने मोजता येते. एकाच जागेची दोन वेळची निरीक्षणं घेऊन परतलेल्या लहरींमधला फरक काढला, की जमीन किती सरकली ते कळतं, अगदी मिलिमीटरपर्यंत. पूल आणि स्टेशनची छपरं यांच्याकडून लहर नीट परतते; बाजूला कपाशी वाढली की संकेत विस्कटतो. ३० जुलै २०२५ रोजी सोडलेल्या इस्रो-नासाच्या निसार उपग्रहावरचं एक रडार सुमारे २४ सेंटिमीटरची लहर वापरतं. पिकात ती तुलनेने बरी टिकते. तीच जागा तो दर १२ दिवसांनी पाहतो. म्हणजे रात्रीच्या पुरात रुळाखालचा भराव वाहून गेला तर हे तंत्र कामाचं नाही, तिथे गस्तच हवी.

खरं कसब अशा अनेक निरीक्षणांतून तयार होणारा हालचालीचा आलेख वाचण्यात आहे. भराव पावसाळ्यात वर, उन्हाळ्यात खाली जात असेल तर ते मातीचं फुगणं-आकसणं. वर्षागणिक खालीच चालला असेल तर रूळ सांभाळणाऱ्या पी-वेच्या (परमनंट वे) इंजिनिअरला तिथे पाठवायला हवं. काळ्या रानात वाढलेल्या पोराला हा फरक लवकर उमगतो, असं माझं मत.

पालकांनी 'सॅटेलाइट' नाव पाहून बारावीनंतर लगेच फी भरू नये. आधी सिव्हिल, किंवा भूगर्भशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित यांतली पक्की पदवी. मग रिमोट सेन्सिंग, म्हणजे दुरून टिपलेल्या माहितीचा अभ्यास. गेट परीक्षेत जिओमॅटिक्सचा पेपर आहे. डेहराडूनची आयआयआरएस (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिमोट सेन्सिंग) ऑनलाइन कोर्सही घेते. नागपुरात एमआरसॅक (महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग ॲप्लिकेशन सेंटर) आणि इस्रोचं प्रादेशिक केंद्र आहे. रेल्वे भरतीत 'रडार तज्ज्ञ' असं पद शोधत बसू नका. तिथे सिव्हिल ज्युनिअर इंजिनिअरची वाट सरळ. या क्षेत्रातली पहिली नोकरी बरेचदा कंत्राटी असते, हेही घरात आधीच बोललेलं बरं.

आवड तपासायला खर्च नाही. युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची माहिती आणि ती तपासायचं स्नॅप सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मुलाला वणी परिसराच्या दोन प्रतिमा घेऊन बसू द्या. लॅपटॉपला मात्र १६ जीबी रॅम हवी; चार जीबीवर तो मान टाकतो.